स्वयंपाकघर नवं करताना: फरशी, ओटा आणि आईचा चहा

पावसाळा संपला की आमच्या स्वयंपाकघराचं काम काढायचं आहे. सिंकच्या गळतीने खालची कपाटं फुगली आहेत, दोन लाद्या पोकळ वाजतात. डिझायनरने कॉम्प्युटरवर दाखवलेलं चित्र देखणं होतं: आरशासारखी फरशी, छतापर्यंत कपाटं. घरातले सगळे खूश. मला मात्र त्या चित्रात माझी आई कुठे बसेना. ती ७९ वर्षांची आहे, हाडं ठिसूळ झाली आहेत आणि सकाळचा पहिला चहा तिला स्वतःच्याच हातचा लागतो.

म्हणून आमचं सगळ्यात जास्त बोलणं फरशीवर झालं. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल कोरडी असेपर्यंत ठीक असते. पण स्वयंपाकघरात पाणी सांडतं, तेलाचा थेंब पडतो, पोळ्या करताना पीठ उडतं. या वयात घसरून पडणं म्हणजे बऱ्याचदा खुब्याचं हाड मोडणं. मग ऑपरेशन. अंथरुणावर पडून राहिलं तर न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा. हाड जुळलं तरी पूर्वीसारखं चालणं अनेकांना पुन्हा जमत नाही. टाइलचे पैसे वाचवून किंवा वाढवून हे भरून निघत नाही.

आम्ही मॅट फिनिशची टाइल घेतोय. दुकानात ‘आर’ रेटिंग विचारा. आर ९ पासून आर १३ पर्यंत आकडा वाढतो तशी पकड वाढते. फार खरखरीत घेतली तर तेलाचा राप निघत नाही, म्हणून आम्ही आर १० वर थांबलो. हॉल आणि स्वयंपाकघराच्या फरशीत अर्ध्या इंचाचाही उंचवटा ठेवू नका, पाय तिथेच अडतो. सिंकपुढचं सरकणारं पायपुसणंही जाणार आहे. (यावर घरात अजून एकमत नाही.)

ओट्याची उंची सगळ्यांना एकच चालत नाही. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने कोपर काटकोनात वाकवून उभं राहावं; ओटा कोपराच्या साधारण तीन-चार इंच खाली हवा. त्यावर शेगडी ठेवली की कढई आणखी वर जाते आणि ढवळताना खांदे उचलावे लागतात, म्हणून शेगडीखालचा ओटा थोडा खाली घेता येतो. मान आणि खांदे दुखतात म्हणून येणाऱ्या बायकांना मी हल्ली ओट्याची उंची विचारतो.

छतापर्यंतची कपाटं आम्ही रद्द केली. वर ठेवलेला डबा काढायला कोणीतरी स्टुलावर चढतंच, आणि चढू नको असं ज्याला सांगावं तोच चढतो. रोजचं सामान कंबर ते खांदा या पट्ट्यात, पिठाचा जड डबा कमरेच्या उंचीला.

कपाटांच्या एमडीएफ, पार्टिकल बोर्डच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. त्याने डोळे चुरचुरतात, दमा उफाळतो. दीर्घकाळ संपर्क राहिला तर तो कर्करोगकारकही आहे. कमी वायू सोडणारा ई १ किंवा ई ० दर्जाचा माल मागा, सिंकखाली पाण्याला टिकणारं आयएस ७१० प्लाय वापरा आणि नंतर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

क्वार्ट्झचा ओटा मात्र मी नकोच म्हटलं. त्यात सिलिका फार असते. कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुफ्फुसात कायमची बसते. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, नसते असं नाही. त्यामुळे कापणं पाणी सोडूनच होईल आणि कारागिराला एन ९५ मास्क आम्ही देऊ. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही.

काम चालेल तेवढे दिवस आई माझ्या बहिणीकडे राहील. तिने एकच विचारलं, शेगडी कुठे येणार? डावीकडे, होती तिथेच. चहा-साखरेचे डबेही त्याच कोपऱ्यात. अंधुक उजेडात, अर्धवट झोपेत हात जिथे आपोआप जातो, ती जागा या वयात बदलायची नाही.