दाभोळच्या वाटेवरून

१

चिपळूण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आप्पांस, कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कऱ्हाडच्या आदिलशाही मशिदीचे जोडमनोरे मागे टाकून, कोयनेच्या काठाने पाटणवरून पुढे येऊन, आम्ही कुंभार्ली घाट उतरलो. आपल्या कुंडल गावात बसून समुद्र आपणांस परका वाटतो. परंतु कृष्णाकाठचा माल ज्या वाटेने शतकानुशतके समुद्रास मिळत होता, ती वाट हीच. बैलांचे तांडे घाट उतरत, गोवळकोटच्या धक्क्यावर माल मचव्यांत चढे आणि वाशिष्ठीच्या ओहोटीबरोबर दाभोळास पोहोचे. सोळाव्या शतकाच्या आरंभी इकडे आलेल्या बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज गृहस्थाने दाभोळच्या व्यापाराचे वर्णन केले आहे, त्यात तांबे, पारा आणि हिंगूळ देशावर जातात, तर देशावरून कापड, गहू आणि हरभरे खाली येतात.

याहून मोलाचा जिन्नस म्हणजे घोडा. बहमनी सुलतानांचे सारे बळ घोडदळात, आणि युद्धोपयोगी अरबी व इराणी घोडे समुद्रमार्गेच आणणे प्राप्त होते. म्हणून बीदरच्या तख्ताचा जीव कोकणच्या या बंदरात गुंतलेला असे. इ. स. 1453 च्या सुमारास घोड्यांचा एक इराणी सौदागर दाभोळास उतरला, बीदरला गेला आणि पुढे त्या राज्याचा वजीर झाला. तोच महमूद गवान, ज्याने 1472 मध्ये बीदरचा भव्य मदरसा पुरा केला आणि ज्याचा 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आधारे शिरच्छेद झाला. त्याच्याच अमदानीत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी दक्षिणेत हिंडून, दाभोळास गलबतावर चढून, होर्मुझमार्गे मायदेशी निघाला. मिसर, अरबस्तान आणि खुरासान येथील घोडे या बंदरात उतरतात आणि येथून बीदर व गुलबर्गा महिन्याच्या मजलीवर आहेत, असे त्याने लिहून ठेविले आहे.

२

दाभोळ, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

तीर्थरूप आप्पांस, सा. न. वि. वि.

वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, डोंगर आणि पाणी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसले आहे. पैलतीरी धोपावे, आणि खाडीच्या तोंडावर अंजनवेलचा गोपाळगड. गुहेतील चंडिकादेवीचे दर्शन समईच्या प्रकाशात घेतले, आणि मग किनाऱ्यावरील शाही मशिदीपाशी बराच वेळ बसलो.

या गावाने सोसलेला सर्वांत दारुण प्रसंग 1508 च्या डिसेंबर अखेरीचा. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदा याचा तरुण पुत्र लोरेन्सो त्याच वर्षी चौलच्या पाण्यात, इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांशी लढताना पडला होता. त्या दुःखाने पेटलेल्या पित्याने शत्रूच्या आरमाराचा शोध घेण्यापूर्वी वाटेतील दाभोळावर तोफा लावल्या, गाव जाळले आणि स्त्री, बालक, वृद्ध असा विवेक न ठेवता कत्तल केली. ज्यांच्या हातून तो पुत्र मेला ते कोठे, आणि या धक्क्यावरचे हमाल, तांडेल व विणकर कोठे! पित्याचा शोक खरा असेल; परंतु निरपराधांच्या रक्ताने त्या शोकाचे सांत्वन करू पाहणे हे इतिहासाने क्षमा करण्याजोगे कृत्य नव्हे.

तरीही बंदर पुन्हा उभे राहिले, कारण त्याच्या पाठीशी घाटावरचा मुलूख शाबूत होता. आदिलशाहीत दाभोळ हा सुभ्याचा गाव झाला. पोर्तुगीज परवान्यावाचून दर्यात गलबत सोडणे धोक्याचे झाले असतानाही येथील व्यापार आणि मक्केची यात्रा चालूच राहिली. या मशिदीची कथाही यात्रेचीच आहे. परंपरा अशी सांगते की, 1659-60 च्या सुमारास विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला जाण्यासाठी येथवर आली, चाच्यांच्या भयाने पुढचा प्रवास राहिला, आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या वास्तूस लाविले. एक मोठा घुमट, कोपऱ्यांवरचे मिनार, समोर दर्या, अशी ही रचना विजापूरची आठवण करून देते. त्याच सुमारास अफझलखानाच्या वधानंतर मराठ्यांच्या फौजा दाभोळपर्यंत पोहोचल्या आणि लवकरच हा मुलूख शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आला. पुढे विजापूर 1686 मध्ये लयास गेले, व्यापार सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे वळला. आणि तोफांनी जे साधले नव्हते ते वाटा बदलल्याने साधले.

३

रेवदंडा, मार्गशीर्ष पौर्णिमा

तीर्थरूप आप्पांस, सा. न. वि. वि.

दाभोळाहून प्राचीन असे मुसलमानी वसाहतीचे बंदर पाहावे म्हणून चौलास आलो. अरबांचे सैमूर ते हेच. मसूदी हा बगदादचा विद्वान हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, येथे आला होता, आणि सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे 10,000 मुसलमान या नगरीत राहतात, अशी नोंद त्याने केली आहे. राज्य शिलाहार झंझाचे, सार्वभौमत्व राष्ट्रकूटांचे. आणि या लोकांचे तंटे त्यांच्याच धर्माप्रमाणे तोडावेत म्हणून राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता, ज्यास ते हुनरमन म्हणत.

शस्त्राने नव्हे, तर सौदागराच्या तागडीने आणि यजमानाच्या न्यायबुद्धीने इस्लाम प्रथम आपल्या किनाऱ्यावर आला, आणि एका हिंदू राजाने परक्या माणसास त्याच्या श्रद्धेसह अभय दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्या गावात झरी पार्श्वनाथाचे जैन यात्रेकरू जसे पिढ्यानपिढ्या आदराने येतात, तसाच आदर त्या राजाने दर्यापारच्या पाहुण्यास दिला. बंदर वसते ते विश्वासावर: माल लुटला जाणार नाही, ऋण बुडणार नाही, तंट्यात पक्षपात होणार नाही. जोवर ही हमी होती तोवर बसऱ्याचा मनुष्य येथे घर बांधी, लग्न करी आणि कोकणचाच होऊन जाई. त्यांचे वंशज आजही या किनाऱ्यावर आपलीच बोली बोलतात.

कुंडलच्या शाळेत मुलांना इतिहास शिकविताना सैमूरचा तो न्याय आणि दाभोळचा तो अत्याचार, दोन्ही सांगावेत, अशी गुरुजींस माझ्या वतीने विनंती करावी. कारण ज्या मुलखाचे धान्य त्या बंदरातून जात होते, त्या मुलखाचाही तो इतिहास आहे.

आईस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे.

आपला आज्ञाधारक