पांढऱ्याखालचं पिवळं

रंगाचा तिसरा हात दिला, झोपलो, आणि सकाळी उठून पाहतो तर कपाटाला कावीळ झालेली.

रात्री दिवा मालवताना ते पांढरंशुभ्र होतं. आता डाव्या दारावर तळहाताएवढा पिवळा डाग, उजव्या दारावर तांबूस ओघळ, आणि खणाच्या कडेला कुणी चहा सांडून पुसायला विसरावं तसं काहीतरी. बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत वाळलेला होता. डाग वरून पडला नव्हता, आतून आला होता. हिला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "अजून एक हात मारा." मारला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर, आणि सोबतीला दोन नवे.

मी कोल्हापूरचा. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. तारण पाहिल्याशिवाय रुपया सोडायचा नाही, हे हाडात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं लेकीकडे बेंगळुरूला, मल्लेश्वरमला राहायला आलो, आणि इथल्या पहिल्याच कामात मी तारण न पाहता सही करून बसलो. ही त्याची जबानी.

सुरुवात गुजरीपासून झाली. "बाबा, जुनं कपाट घ्यायचंय, गुजरीत जाऊ," असं लेक म्हणाली तेव्हा मी पाकिटात जरा जास्तच पैसे घातले. कोल्हापुरात गुजरी म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची पेठ. तिथे माणूस साज करायला जातो, नाहीतर मोडायला. रिक्षा शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागच्या गल्लीत थांबली, तर समोर गंजलेले कूलर, सायकलींचे सांगाडे आणि पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या. कानडीत गुजरी म्हणजे भंगार. लेकीला हे माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

कपाट माणसाच्या उंचीचं, दोन दारांचं, खाली एक लांब खण, पितळी कड्या. चारातला एक पाय तुटलेला, त्या जागी वीट. अंगावर काळपट पॉलिशचा थर. विकणारा म्हणाला, "टीक है सार, प्युअर टीक." मी पोक्तपणे दारावर टकटक केलं. त्या आवाजावरून मला काय कळणार होतं ते आजही सांगता येणार नाही, पण मान डोलावली. ६५०० रुपयांत कपाट टेंपोत चढलं, आणि दोन माणसांना ते उचलताना घाम फुटला. सागवान इतकं जड असतं का, हा प्रश्न मनात येऊन गेला. त्याला मी थांबवून घेतलं नाही.

लेकीला ते पांढरं हवं होतं. नुसतं पांढरं नव्हे, चॉक पेंटचं. तिने मोबाईलवर दाखवलं: मऊ, बिनचकाकीचा, खडूसारखा कोरडा दिसणारा पांढरा, कडांना मुद्दाम किंचित झिजवलेला. १९९० साली ॲनी स्लोन नावाच्या बाईंनी इंग्लंडात ऑक्सफर्डला हा रंग तयार केला. तो पाण्यातला असतो, जुन्या पॉलिशवर सरळ बसतो, आधी घासावं लागत नाही की अस्तर द्यावं लागत नाही, आणि वरून मेण चोळतात. मी आठव्या क्रॉसजवळच्या रंगाच्या दुकानात जाऊन ऐटीत "चॉक पेंट" मागितला. दुकानदाराने काळा डबा पुढे ठेवला. शाळेच्या फळ्याचा रंग! चॉकने ज्यावर लिहितात, तो पेंट. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

खरा डबा मिळाला तेव्हा त्याची किंमत पाहून मी घरीच करायचं ठरवलं. कृती सोपी होती: तीन वाट्या पांढरं इमल्शन, एक वाटी पीओपी, लागेल तसं पाणी. मी पीओपी थेट रंगात ओतलं आणि ढवळू लागलो. पाच मिनिटांत बादलीत पांढरी भजी तरंगायला लागली. हिने एकदाच डोकावून पाहिलं. "पिठलं करताना पीठ आधी पाण्यात कालवतात," एवढंच बोलून ती गेली. दुसऱ्या खेपेला पीओपी आधी पाण्यात कालवून, गाळून रंगात घातलं, आणि घट्ट व्हायच्या आत लागेल तेवढंच केलं. जमलं.

पण त्याआधी मी जे करून ठेवलं होतं, खरी गोष्ट तिथे आहे.

पाय बसवायला घरमालकांनी त्यांचा जुना माणूस पाठवला. "उद्या आचारी येईल," असा त्यांचा निरोप आला आणि आम्ही दोघं बुचकळ्यात पडलो. घरात कार्य नाही, पंगत नाही, आचारी कशाला? दुसऱ्या दिवशी दारात सत्तरीचे एक गृहस्थ, खांद्याला पिशवी, पिशवीतून करवत आणि पटाशी डोकावतेय. कानडीत आचारी म्हणजे सुतार. त्यांनी तासाभरात पाय बसवला आणि माझ्याकडे हात पुढे केला: "उप्पु कागद." उप्पु म्हणजे मीठ, एवढं मला नाश्त्याच्या उप्पिटावरून माहीत होतं. मी आत जाऊन कागदाच्या पुडीत मूठभर मीठ बांधून आणलं. वाटलं, दृष्ट काढायची असेल. आचारींनी पुडी उघडली, मिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते इतके हसले की त्यांना कपाटाला टेकावं लागलं. उप्पु कागद म्हणजे आपला पॉलिश पेपर. मिठासारखा खरखरीत, म्हणून मिठाचा कागद.

जाताना त्यांनी कपाटाच्या दारावरून हात फिरवला आणि बजावलं, "उज्जबेडि, सार." मी तेव्हा तीन महिन्यांचा कानडी विद्यार्थी. 'उज्जु' म्हणजे घासणं हे मला येत होतं. पुढचं 'बेडि' हे आदरार्थी शेपूट असणार, आपल्या 'घासा हं'सारखं, असं मी धरलं. त्यांनी नवा पाय माझ्यादेखत घासला होताच. मग मी दोन दिवस अख्खं कपाट घासलं. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. काळपट पॉलिश निघून खालचं लाकूड उघडं पडेपर्यंत. त्या दोन दिवसांत घाम आणि भुसा मिळून माझ्या बनियनवर पिवळे डाग पडले. हिला वाटलं, मी हळदीच्या डब्याशी काही उद्योग केला. डाग धुऊन निघाले नाहीत. पुरावा दोरीवर वाळत होता आणि मी रंगाची बादली ढवळत होतो.

'बेडि' म्हणजे 'नका'.

हे कळलं ते चौथ्या हातानंतर, आचारींना पुन्हा बोलावलं तेव्हा. ते कपाटासमोर उकिडवे बसले आणि मला वाटतं दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी दार उघडलं, आतल्या फळीच्या मागच्या कडेवर, जिथे कधी पॉलिश पोहोचलंच नव्हतं, तिथे पटाशी लावली आणि कांद्याच्या पातीएवढी एक ढलपी काढली. काचेचा पेला मागितला. पाणी. ढलपी पाण्यात टाकली आणि पेला खिडकीत, उन्हात ठेवला. आम्ही चहा घेतला.

चहा संपेपर्यंत ढलपीच्या भोवती पिवळसर धूर पाण्यात उतरू लागला होता. अर्ध्या तासाने पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. आचारींनी पेला उचलून तिरका धरला, आणि उन्हात पाण्याच्या कडेला निळसर झाक चमकली. मोरपिसाच्या डोळ्याभोवती असते तशी. "होन्ने," ते म्हणाले. "टीक अल्ला." टीक नव्हे.

माझ्या कानांना 'होन' ऐकू आलं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला सोन्याचा होन. तो शब्द कानडीतल्या 'होन्नु'पासून आला, आणि 'होन्नु' म्हणजे सोनं. पण आचारी झाडाचं नाव सांगत होते. लेकीने मोबाईलवर शोधलं: होन्ने म्हणजे आपल्याकडचा बिबला. आणि औषधाच्या दुकानात त्यालाच म्हणतात विजयसार.

विजयसार! मी मटकन खुर्चीत बसलो. कोल्हापुरात असताना साखर वाढली म्हणून साडूंनी मला विजयसारच्या लाकडाचा पेला आणून दिला होता. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तपकिरी पाणी प्यायचं. वर्षभर प्यालो. माझ्या साखरेने ते फारसं मनावर घेतलं नाही, मीच गोळ्यांवर आलो. म्हणजे ज्या लाकडाचं पाणी मी वर्षभर नेमाने प्यालो, त्याच लाकडावर पाण्यातल्या रंगाचे चार हात दिले आणि वर विचारत बसलो की हे पिवळं येतंय कुठून. शिवाय रोज संध्याकाळी माझा फेरा अठराव्या क्रॉसवरून असतो. तिथे लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ साली वनसंशोधनाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली. लाकडाचा तुकडा दिला तर तो कुठल्या झाडाचा ते तिथे ओळखून देतात. तिच्या फाटकावरून मी रोज ताशी चार किलोमीटर वेगाने जात होतो.

आचारींनी मग अर्ध्या कानडीत, पाव हिंदीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी समजावलं. या लाकडातला रंग पाण्यात सुटतो. रंगाचा प्रत्येक हात म्हणजे लाकडाला नवं पाणी. ते आत मुरतं, पिवळं विरघळवतं आणि वाळता वाळता वर घेऊन येतं. म्हणजे हात वाढवाल तसा डागाला खुराक. सागवान असतं तरी थोडंफार हेच झालं असतं. पांढरा रंग कुणाचीच भीड ठेवत नाही. उपाय एकच: लाकूड आणि पाणी यांच्यामध्ये पाण्याला न जुमानणारा पडदा हवा. तो पडदा लाखेचा.

त्यांनी लिहून दिलेली चपडी मी बाजारातून आणली. मधाच्या रंगाचे पापुद्रे, काचेसारखे ठिसूळ. पुडक्यावर पत्ता झारखंडचा. देशात सगळ्यात जास्त लाख तिकडेच होते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे बसतात, त्यांनी स्रवलेली ही राळ. ती स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. रात्रभर पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घातले. सकाळी बरणीच्या तळाशी गढूळ थर बसला होता. तो लाखेतला मेणाचा अंश. मेणावर पाण्यातला रंग नीट धरत नाही, म्हणून आचारींनी वरचं निवळ तेवढं ओतून घेतलं. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळला, द्रवात बुडवून पिळला आणि लांब सरळ हातांनी दारावर फिरवला. पंधरा मिनिटांत थर वाळला. खोलीभर स्पिरिटचा वास सुटला आणि त्याखाली दुसरा एक ओळखीचा वास.

तो मला लगेच सापडला. मोहोर! बँकेत मेणबत्तीवर लाखेची कांडी वितळवून पाकिटांवर आणि थैल्यांवर किती मोहरा उमटवल्या असतील मी. लाख म्हणजे आतलं बाहेर येऊ न देणारी वस्तू, हे माझ्या हातांना ३४ वर्षं ठाऊक होतं.

आचारी मान वर न करता एक वाक्य बोलले. लेकीने भाषांतर करायच्या आधीच मला ते समजलं, आणि या वेळी शेपटासकट समजलं. तुम्ही दोन दिवस घासून काढलंत, ते हेच होतं. तो काळपट थर म्हणजे कुण्या जुन्या कारागिराने दिलेलं लाखेचं पॉलिश, वर्षानुवर्षांची धूळ खाऊन काळवंडलेलं. पुसून, धुरळा काढून त्यावरच पांढरा दिला असता तर पिवळं एवढं उफाळलं नसतं. म्हणजे चॉक पेंटवाले 'घासू नका' म्हणत होते, आचारी 'घासू नका' म्हणत होते, आणि मी कष्टाळू माणूस.

माझे चार हात उतरवून आम्ही लाखेचे दोन दिले. मग पांढऱ्याचे दोन. सकाळी उठून धावत जाऊन पाहिलं. पांढरं. दुसऱ्या दिवशी पांढरं. आठवड्यानंतरही पांढरं. वरून मेण चोळताना पहिल्यांदा ढीगभर लावून दार चिकट करून ठेवलं, ते पुसून पुन्हा नखाएवढं लावलं. त्याची हकिकत सांगण्यात अर्थ नाही. तोवर मी चुकायला सरावलो होतो.

लेक खूश झाली, पण दार उघडल्यावर ती थबकली. आतली बाजू आम्ही तशीच ठेवली होती. आचारींनी पटाशी लावलेली ती जागा तेवढी ताजी, आणि उन्हात ती खरोखर पिवळ्या सोन्यासारखी दिसत होती. "बाबा, आत काही लावू नका," ती म्हणाली. त्यावरून मला गुजरी आठवली. पाकीट जास्त भरून नेलं होतं, ते अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं.

समोरच्या घरातल्या आजोबांना कुठून तरी बातमी लागली आणि ते साखरेसाठी ढलप्या मागायला आले. आचारींनी हात जोडून नाही सांगितलं. जुन्या कपाटाला कुणी कधी काय चोपडलंय कोण जाणे, ते पोटात घालू नये.

शेवटचं काम मी एकट्याने केलं. कपाट भिंतीला लावण्याआधी मागच्या बाजूला गेलो, चष्मा लावला, आणि कोऱ्या फळीवर पेन्सिलीने, तारण-नोंदवहीत लिहायचो तशा अक्षरात लिहिलं: होन्ने, म्हणजे बिबला. सागवान नव्हे. खाली लाख आहे. उज्जबेडि.