अम्मीचं रक्त आणि जठरातला जंतू

घरातल्या बाईला दम लागला की आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात: वय झालं, किंवा काम जास्त झालं. आमच्या अम्मीनेही स्वतःची तीच समजूत घातली होती. हिमोग्लोबिन 8 च्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, कलेजी, सगळं चालू होतं. पाळी बंद होऊन दहा वर्षं झालेली. पोट दुखतं असं ती कधी म्हणाली नाही, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीने जठर आणि आतडी तपासायला सांगितली तेव्हा आम्ही भावंडं चकितच झालो.

गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. जठराच्या अस्तरात मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडला. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जठरातल्या आम्लात जंतू टिकतोच कसा, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. शेवटी मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन टाकला आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

अल्सर आणि जठराचा कर्करोग यांच्याशी या जंतूचा संबंध बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. रक्ताशी असलेला संबंध आम्हाला नवीन होता. पालक-डाळीतलं लोह रक्तात उतरायला जठरातलं आम्ल लागतं. जंतूमुळे अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहिलं की आम्ल कमी होऊ शकतं. शिवाय जंतूलाही स्वतःसाठी लोह हवंच असतं. बी-12 ची कमतरता आणि प्लेटलेट कमी होण्याचा एक आजार, यांतही डॉक्टर आता हा जंतू तपासतात.

रमजाननंतर 14 दिवसांचा कोर्स झाला: दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंड कडू, मळमळ, पण अम्मीने एकही गोळी चुकवली नाही; अर्धवट सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. महिन्याभरानंतर शौचाची तपासणी केली, जंतू गेला होता. लोहाच्या गोळ्या चालूच ठेवल्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 11 झालं.

हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच लागतो, हे कळताच सगळ्या खानदानाला त्याच गोळ्या हव्याशा वाटू लागल्या. खालाजानना तर डोकेदुखीवरही त्याच हव्या होत्या. डोकेदुखी, हृदयविकार यांच्याशीही या जंतूचं नाव जोडलं जातं खरं, पण तिथे पुरावा पक्का नाही. खालाजानना आम्ही आधी बीपी तपासायला पाठवलं.