पानाचं टोक डावीकडे!

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला समुद्राकाठच्या रस्त्याने जाताना लागतं ना, ते आरे-वारे आमचं गाव. मे महिन्यात सगळी भावंडं जमली की पंगत पडवीत, जमिनीवर. टेबल हा प्रकारच घरात नव्हता. पण यंदा आजीचे गुडघे संपावर गेले आणि काकाने फोल्डिंग टेबल आणलं. पांढरं, प्लॅस्टिकचं, थेट आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनसारखं!

आजी म्हणाली, "मी खाटेवर जेवीन. तुम्ही बसा हापिसात."

झालं, टेन्शन! मग आम्ही दोघी बहिणी सकाळीच किनाऱ्यावर. सुरूच्या बनातली बोंडं वेचली, शिंपले वेचले (रिकामेच हं, जिवंत शंख तिथेच राहू दिले). सुरंगीचा सीझन संपलेला, म्हणून परसातली अबोली आणि जास्वंद. टेबलाच्या मधोमध फणसाची पानं, त्यावर लालचुटुक रातांबे. त्यांचा डाग जाता जात नाही, तेव्हा टेबलक्लॉथला सुट्टी! वारा सगळं उडवायला टपलेलाच. मग कोपऱ्यांवर जांभ्याचे तुकडे ठेवले. ताटांऐवजी केळीची पानं. खर्च? शून्य.

आजी काठी टेकत आली. टेबलाकडे बघितलंच नाही जणू.

"अगो, पानाचं टोक डावीकडे! पुण्यात एवढंही कळत नाही?"

तिने पहिलं पान फिरवलं, दुसरं फिरवलं. तिसऱ्याशी दमली आणि तिथल्याच खुर्चीत टेकली.

"बघत काय राहिलात? वाढा आता."