गादीपलीकडची सायटिका

कमरेतून कळ निघते ती थेट पोटरीत उतरते. बसलं की वाढते, तळव्याला मुंग्या येतात. कमरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी फुगलेली दिसते आणि दुखण्याचं कारण सापडलं, असं सगळ्यांनाच वाटतं.

जाणता रेडिओलॉजिस्ट तेवढ्यावर थांबत नाही. कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे 30 टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या असतात. ऐंशीच्या घरात हे प्रमाण 84 टक्क्यांवर जातं. गादी सरकून सायटिका, म्हणजे पायात उतरणारी ही कळ, होते हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 साली दाखवलं आणि बहुतेकांच्या बाबतीत आजही तेच खरं ठरतं. पण सायटिक नस मणक्यापाशी संपत नाही. कुल्ह्यातून मांडीच्या मागून ती गुडघ्याकडे जाते आणि वाटेत कुठेही दबू शकते.

कुल्ह्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून ती बाहेर पडते. काहींमध्ये तिचा एक फाटा या स्नायूतूनच जातो. कमरेच्या नेहमीच्या तपासणीत ही जागा सहसा येतच नाही. 1993 साली एरन फिलर आणि सहकाऱ्यांनी एमआर न्यूरोग्राफी मांडली. तिच्यात चरबीचा उजेड दाबला जातो आणि नस उठून दिसते. नेहमीचे उपाय थकलेल्या 239 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 2005 मध्ये आला. त्यात दोन तृतीयांश रुग्णांचं दुखणं पिरिफॉर्मिसपाशी निघालं. अर्थात, हे निवडक रुग्ण होते.

आडव्या छेदात निरोगी नस कापलेल्या केबलसारखी दिसते, आत बारीक ठिपक्यांचा जुडगा. सूज आली की ठिपके एकमेकांत मिसळतात, उजळतात. तरी नुसत्या उजळपणावर रिपोर्ट लिहिता येत नाही. चुंबकीय क्षेत्राशी साधारण 55 अंशांच्या कोनात असलेली धडधाकट नसही काही प्रतिमांत चमकते. म्हणून डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून जाडी, ठिपक्यांची ठेवण, भोवतालचे स्नायू, एखादी गाठ हे सगळं बघावं लागतं.

आणि रुग्णाशी बोलावं लागतं. पाळीच्या दिवसांत कळ वाढते का, या एका प्रश्नावरून नसेलगतच्या एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढण्याचा, माग लागू शकतो. तो प्रश्न राहून गेला, तर त्या बाईच्या मणक्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते आणि पुढच्या पाळीला कळ पुन्हा येते.