दंडाचा घेर

मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, आणि त्याभोवती गुंडाळलेली, कुपोषण ओळखायची एक अरुंद पट्टी: हिरवी, पिवळी, लाल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती असते. साडेबारा सेंटिमीटरच्या पुढे हिरवा, साडेअकराच्या खाली लाल. मुंबईत देवनारच्या डम्पिंगलगत शिवाजीनगरच्या गल्लीत अंगणवाडीची ताई ती गुंडाळते आणि म्हणते, "हाथ ढीला छोड, राजा." पट्टी जरा घट्ट ओढली गेली तरी आकडा खोटा उतरतो. ताईची बोटं इतकी हलकी, की मूल रडायचं विसरून रंगांकडे बघत राहतं. आई मात्र पट्टीकडे बघत नाही, ताईच्या चेहऱ्याकडे बघते.

या पट्टीचं मूळ आफ्रिकेत आहे. नायजेरियात 1967 ते 1970 बियाफ्राचं युद्ध चाललं आणि मुलं उपासमारीने मरू लागली. मदतीला गेलेल्यांत क्वेकर पंथाचे स्वयंसेवक होते. मुलांची गर्दी, हाताशी साधनं थोडी, आणि कुणाला आधी खाऊ घालायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं. त्यांनी एका काठीवर उंचीच्या जागी दंडाचे घेर लिहिले. मुलाचा दंड मोजायचा, त्याला काठीशी उभं करायचं. त्याच्या घेराच्या खुणेच्या वर डोकं गेलं, की पोर उपाशी आहे हे कळायचं. पुढे 1974 साली बगदादचे डॉ. अदनान शाकिर आणि नायजेरियात काम केलेले इंग्रज बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी रंगीत पट्टीचा मार्ग मांडला. एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून जन्मतारीख ठाऊक नसली तरी अडत नाही. आकडे वाचता आले नाहीत तरी अडत नाही.

परदेशातून सेवेला आलेल्या माणसाने मागे काय ठेवावं, हा प्रश्न मला पडतो तेव्हा ती काठी आठवते. त्यांनी डॉक्टरची नजर एका लाकडावर उतरवली आणि ती कुणाच्याही हातात देता येईल अशी केली. दवाखाना बांधणं मोठंच काम. पण बांधणारा निघून गेल्यावर पुष्कळ दवाखान्यांना कुलूप लागतं.

ज्ञान गावाच्याच हातात द्यावं, हे आपल्याकडे जामखेडने फार लवकर ओळखलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून 1970 साली तिथे आले. आधी त्यांनी गावोगाव नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या, कित्येक दलित, कित्येक शाळेची पायरी न चढलेल्या. आपल्यातलीच बाई सांगते म्हणून गावाने ऐकलं. पुढे आफ्रिकेतल्या देशांतूनही लोक जामखेडला शिकायला आले, आणि नऊवारीतल्या त्या बायकांनी त्यांना शिकवलं! मला हे आपल्या सार्वजनिक जीवनातलं फार उजळ पान वाटतं.

देवनारलाही परदेशी पाहुणे नवे नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात 1936 साली नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने झाली. 1954 मध्ये ती इथे आली. 1956 साली सुरू झालेल्या, गोवंडी स्टेशन रोडवरच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेत आशियातले आणि आफ्रिकेतलेही विद्यार्थी जन्ममृत्यूचे दर काढायला शिकतात. तिथून शिवाजीनगर रिक्षाच्या अंतरावर आहे.

आणि त्या दरांमागची घरं जिला तोंडपाठ, ती ताई? आशाताई काय, अंगणवाडीताई काय, सरकारदरबारी दोघीही मानसेवी. पगार नाही, मानधन. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मानधन वाढावं म्हणून त्या आझाद मैदानात बसतात, तेव्हा आपण ट्रॅफिकची चौकशी करतो. दूर देशी सेवेला निघालेल्या तरुणांचं कौतुक जरूर व्हावं, माझंही त्यांच्यावर प्रेम आहे. पण आयुष्यभर एकाच गल्लीची सेवा करणारीला महिन्याचा धड पगार नसावा, याचा मला संताप येतो.

पट्टी लाल निघाली, की आई आधी विचारते, "कितना टाइम लगेगा?" दिवस बुडाला तर रोज बुडतो. मग ताईच मूल कडेवर घेते, आईला बरोबर घेते आणि दवाखान्यात जायला रिक्षाला हात करते. भाडं बहुतेक वेळा तिच्याच पर्समधून जातं.