दुसरा तक्ता

लेस्टर,
ऑक्टोबर २०२५

ति. मामांस,


द्राक्षबागेची गोडी छाटणी उरकली, पेस्टही लावून झाली, असं आईकडून कळलं. या वर्षी मे महिन्यापासून पाऊस लागून राहिला, तेव्हा काडीत माल कितपत दिसतो ते जरूर कळवा.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, इंग्लंडनं युरोप सोडला ते बरं केलं की वाईट? मी ‘लिहून कळवतो’ म्हणालो. खरं म्हणजे टाळलं. कारण त्या सोडण्यात माझाही हात आहे. २०१६ साली मी मत दिलं होतं, आणि ते ‘सोडा’ या बाजूला. घरी आजवर कुणाला बोललो नाही.

खिशात भारताचा पासपोर्ट असताना मत कसं, असं तुम्ही विचाराल. इथला कायदा तसा आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा माणूस इथं रीतसर राहत असेल तर त्याला मत आहे. माझ्या शेजारी एक पोलिश गवंडी राहायचा, अकरा वर्षं इथं कर भरलेला. त्याचं इथं राहणं त्या मतावर टांगलेलं, पण त्याला मत नव्हतं. मला होतं. २३ जूनला चर्चच्या हॉलमध्ये गेलो. दोरीला बांधलेली पेन्सिल होती. इथं पेन्सिलनं फुली मारायची पद्धत आहे. पेन्सिल खोडून मत बदलतील, या संशयानं काही जण घरून पेन घेऊन आले होते. मी पेन्सिलनंच मारली.

कारण सांगतो, हसू नका. आंबा. २०१४ च्या १ मेपासून युरोपनं आपल्या आंब्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या, म्हणून. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही गेलं. इथल्या बेलग्रेव्ह रोडवर ऐन मोसमात हापूसच्या पेट्यांची थप्पी लागते. त्या वर्षी दुकानं ओकीबोकी. ब्रुसेल्समधल्या युरोपच्या अधिकाऱ्यांना हापूस काय कळणार, इंग्लंडचं इंग्लंडनं ठरवावं, असं दुकानादुकानांत बोललं जायचं. मीही बोलायचो. पुढच्या वर्षी बंदी उठली, राग मात्र राहिला.

खूप नंतर वाचण्यात आलं की लंडनच्या शेतकी खात्यानंच त्या बंदीला पाठिंबा दिला होता. काचघरातल्या टोमॅटो-काकडीला माशी लागेल, ही त्यांचीही भीती. म्हणजे मी ब्रुसेल्सवर चिडून मत दिलं, आणि लंडननं स्वतः ठरवलं असतं तरी बहुधा तेच ठरलं असतं.

पण मामा, सोडणाऱ्यांची बाजू माझ्या आंब्याएवढी पोकळ नव्हती. १९७३ मध्ये हे लोक आत गेले, १९७५ मध्ये त्यांना पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ६७ टक्के ‘राहू’ म्हणाले. पण राहायचं होतं ते ‘सामायिक बाजारपेठे’त. पुढे त्या बाजारपेठेचा संघ झाला, कायदे वाढले, त्याचं न्यायालय यांच्या न्यायालयांच्या वर बसलं, आणि सामान्य माणसाला पुन्हा विचारलं थेट ४१ वर्षांनी. ज्या कागदावर सही केली तो मागाहून लांबत गेला, ही तक्रार मला आजही रास्त वाटते. इथला मंत्री आवडला नाही तर पाच वर्षांनी पाडता येतो. ब्रुसेल्सच्या आयोगातल्या माणसाला कुठल्या मतपेटीतून पाडणार?

दुसरं, आत असताना ब्रिटनला परक्या देशाशी स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हता. भारत आणि युरोप २००७ पासून बोलणी करताहेत, मध्ये काही वर्षं ती बंदच पडली होती. ब्रिटननं बाहेर पडल्यावर यंदा २४ जुलैला आपल्याशी सही करून टाकली. स्कॉच व्हिस्कीवरची आपली १५० टक्के जकात आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर यायची आहे. तुमच्या कामाचं म्हणजे आपल्या बहुतेक सगळ्या मालावरची इथली जकात जाईल. अंमल अजून सुरू व्हायचा आहे, पण युरोपात राहून हे झालं नसतं, हे खरं.

लाल बसवर रंगवलेल्या आकड्याबद्दल मात्र मी काही बचाव करणार नाही. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असं लिहून ती बस गावोगाव फिरवली. थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती, आणि ती रक्कम देशाबाहेर जातच नव्हती. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं कान उपटले, तरी बस फिरतच राहिली. परके कमी होतील म्हणून ज्यांनी मत दिलं त्यांची गत तर आणखी न्यारी. २०२३ मध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा वर्षाला नऊ लाखांवर पोचला होता. पोलंडचे कमी झाले, आपले वाढले.

आता माझ्या पोटापाण्याचं. तुम्हाला वाटतं मी ‘एक्स्पोर्टच्या ऑफिसात’ आहे. मी भरतो जकातीची घोषणापत्रं. पूर्वी इथून हॉलंडला माल जाताना कागद लागायचा बीजकापुरता, नाशिकहून पुण्याला जातो तसा. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेपेला घोषणापत्र, उगमाचा दाखला, दूध-मांसासारखं प्राणिजन्य अन्न असेल तर पशुवैद्याची सही. त्याआधी सरकारच म्हणत होतं की अशी कामं करायला देशात ५० हजार माणसं लागतील. त्यातला एक तुमचा भाचा. ज्या गोष्टीला मत दिलं तिनंच मला नोकरी दिली.

पहिल्याच हिवाळ्यात एका छोट्या चीजवाल्याचा माल आम्ही पाठवला. चार पेट्या. ट्रकमध्ये आणखी दहाबारा जणांचा माल. पलीकडच्या बंदरात ट्रक थांबवला. का, तर दाखल्यावर पशुवैद्यानं सही काळ्या शाईत केली होती. सहीची शाई छपाईपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, असा नियम आहे, आणि तो आधीपासून होता, फक्त यांना लागू नव्हता. चार पेट्यांच्या सहीपायी अख्खा ट्रक दोन दिवस उभा. तो माणूस फोनवर रडवेला होऊन मला विचारत होता, निळं पेन किती पेन्सना मिळतं? त्यानंतर त्यानं युरोपला माल पाठवणं बंद केलं. मोठ्या कंपन्यांनी माणसं ठेवली, कागद भरले, त्या तरल्या. मेले ते चार पेट्यांवाले.

सरकारचा हिशेब तपासणारी इथली ओबीआर नावाची संस्था म्हणते, आत राहिले असते त्या मानानं देशाची उत्पादकता कालांतरानं ४ टक्क्यांनी कमी राहील. हा तोटा कुणाच्या पगारपत्रकावर लिहून येत नाही. मणी अठराऐवजी सतरा मिलिमीटरचा निघावा तसा तो आहे. लांबून बाग तशीच दिसते.

२०१० आठवतं ना? युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. तुमचाही एक होता, आणि निर्यातदारानं हात वर केले होते. काडीत माल यावा म्हणून सगळं गाव ते औषध मारत होतं. मर्यादा ०.०५ पीपीएम. ती ठरवताना निफाडला कुणी विचारलं नव्हतं, विचारायचं कारणही नव्हतं. खाणारे ते, मर्यादांचा तक्ता त्यांचा. इंग्लंड मात्र तेव्हा तो तक्ता ठरवणाऱ्यांच्या पंगतीत होतं. त्याची माणसं भांडायची, मत द्यायची, कधी हरायची. आज चीज विकायचं तर युरोपचाच नियम पाळायचा, फक्त तो ठरतो तेव्हा हे बाहेर उभे. यंदाच्या मे महिन्यात लंडनला दोघांचं ठरलं की खाण्यापिण्याच्या मालाची तपासणी कमी करण्यासाठी करार करायचा, त्यासाठी ब्रिटननं युरोपचे नियम मान्य करत जायचे. बदल्यात युरोपच्या बोटींना इथल्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी. आता इंग्लंडची गत तुमच्यासारखी झाली, एवढंच मी म्हणेन.

‘आपणही आरसीईपी सोडलं, काय बिघडलं?’ असं तुमच्याकडे पारावर म्हणतात. आपण २०१९ मध्ये बँकॉकला त्या व्यापार कराराच्या उंबऱ्यावरूनच परत फिरलो. दूधवाल्यांची भीती खरी होती, आणि मोडण्यासारखं काही उभंच राहिलेलं नव्हतं. यांनी ४७ वर्षं एका घरात काढलेली. ग्रीनलंडनं आधी हे केलं होतं. १९८२ ला मत घेतलं, १९८५ ला बाहेर पडले. तिथं भांडण मुख्यतः मासळीचं, तरी तीन वर्षं लागली.

तर तुमच्या प्रश्नाला उत्तर: वाईट केलं. राग खरा होता, विचारायलाही हवंच होतं, पण मी फुली चुकीच्या चौकोनात मारली. उद्या पुन्हा परत जाऊ का, असं कुणी विचारलं तर मात्र चटकन ‘हो’ म्हणवत नाही. परत जाताना थॅचरबाईंची सूट कोण देणार?

आता कामाचं. यंदा माल इंग्लंडला द्यायचं ठरलं तर निर्यातदाराकडून औषधांच्या अंशांचा इथला तक्ता वेगळा मागून घ्या. युरोपचा तक्ता इथं चालतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०२१ पासून ब्रिटनचा वेगळा आहे आणि काही औषधांच्या मर्यादांत आता फरक पडलाय. नवा करार होऊन दोन्ही तक्ते पुन्हा एक होतील असं म्हणतात, पण या हंगामात तरी ते दोन आहेत.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा